दोन बोटे आणि सहा तारा

लोकनाचाच्या साथीत तयार झालेल्या एका गिटारवाल्याने जळालेल्या हाताने जॅझचे कॉर्ड कसे आत्मसात केले, त्याची हकीकत

हाताला एकदा वळण लागले की ते सहजी सुटत नाही. वीस वर्षे पाभरीवर हात बसलेल्या माणसाला एकदम नवे अवजार द्यावे, तर पहिले काही दिवस तो नवख्यापेक्षाही अधिक अडखळतो. नवख्याला आपल्याला काही येत नाही हे ठाऊक असते. जाणत्याला सारे येत असते आणि तरी हात ऐकत नाही. शिवाय चार माणसांदेखत चुकायची लाज वाटते ती वेगळीच.

गाण्याबजावण्यातही हेच घडते. गिटार आता आपल्या खेड्यांतही अनोळखी राहिलेली नाही. जत्रेतल्या ऑर्केस्ट्रात, शाळेच्या स्नेहसंमेलनात ती दिसते. चार कॉर्ड शिकून गाण्याला साथ धरणे पोरांना लवकर जमते. जगभर लोकगीतांची साथ करणारे गिटारवाले अशाच थोड्या कॉर्डांवर उत्तम वाजवतात. पण त्यातलाच एखादा मुरलेला वादक जॅझ शिकायला बसला की त्याची बोटे गुंततात. कॉर्डांची नावे लांबलचक, बोटांची ठेवण चमत्कारिक, आणि दर दोन ठोक्यांना नवा कॉर्ड! इतक्या वर्षांची मेहनत फुकट गेली की काय, असे त्याला वाटू लागते.

अशा वेळी ज्याची आठवण काढावी असा एक माणूस युरोपात होऊन गेला. जँगो राइनहार्ट त्याचे नाव. तोही मुळात लोकनाचाची साथ करणाराच. तो जॅझकडे वळला तेव्हा त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे आगीत निकामी झालेली होती. तरीही युरोपातला पहिला थोर जॅझ वादक म्हणून आज त्याचेच नाव घेतले जाते.

गाडीत जन्मलेला मुलगा

जँगोचा जन्म २३ जानेवारी १९१० रोजी बेल्जियममधील लिबेर्शी या खेड्याजवळ झाला, तोही घरात नव्हे तर घोडागाडीत. त्याची जात फिरस्त्या रोमा लोकांची. त्यांतल्या ज्या शाखेत तो जन्मला तिला ‘मानूश’ म्हणतात. हा शब्द वाचून आपल्याला काही आठवले ना? तो आपला ‘माणूस’च. रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून पश्चिमेकडे गेले. त्यांच्या भाषेत पाण्याला आजही ‘पानी’ म्हणतात, कानाला ‘कान’, काळ्याला ‘कालो’ आणि दोनला ‘दुय’. गाडीच्या मागे गाडी लावून पिढ्यान्‌पिढ्या हिंडलेल्या या लोकांनी भाषेची एवढी शिदोरी जपून नेली आहे.

बाप वादक आणि आई नाचणारी होती. पुढे हे कुटुंब पॅरिस शहराच्या कडेला, जुन्या तटाबाहेरच्या मोकळ्या जागेत गाड्या उभ्या करून राहू लागले. शाळेचा आणि जँगोचा फारसा संबंध आला नाही. मोठेपणीही त्याला लिहिता-वाचता जेमतेमच येई. बारा वर्षांचा असताना त्याच्या हाती बँजोसारखे अंग आणि गिटारीसारख्या सहा तारा असलेले एक वाद्य आले. मोठ्या वादकांच्या बोटांकडे बघत बघत तो शिकला. वर्षा-दोन वर्षांत तो नाचघरांत पैसे घेऊन वाजवू लागला.

डोंगरातून आलेले नाचगाणे

पॅरिसमधल्या त्या नाचघरांना ‘बाल म्यूझेत’ म्हणत. त्यांची कुळकथा आपल्याला ओळखीची वाटेल. फ्रान्सच्या ओव्हेर्न्य या डोंगराळ भागात जमीन हलकी. तिथली माणसे पोटासाठी पॅरिसला गेली आणि कोळसा व सरपण विकू लागली. कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्यांनी जशी आपली भजने आणि तमाशे बरोबर नेले, तसे या लोकांनी आपली गावची वाद्ये आणि नाच नेले. ‘म्यूझेत’ हे मूळ त्यांच्या पिशवीच्या पाव्याचे नाव. मागाहून इटलीतून आलेल्या लोकांनी अकॉर्डियन आणले. अकॉर्डियन म्हणजे गळ्यात अडकवून वाजवायची भात्याची पेटीच म्हणा. या दोन्हींच्या मिश्रणातून म्यूझेतचे नाच तयार झाले.

जँगो गेरिनो, जां व्हेसाद अशा नावाजलेल्या अकॉर्डियनवाल्यांना साथ करी. काम सोपे नव्हते. नाच बहुधा तीन ठोक्यांचा. पहिल्या ठोक्याला जाड तार, पुढच्या दोन ठोक्यांना कॉर्ड. शेकडो पाय फरशीवर आपटत असताना, ध्वनिक्षेपकाशिवाय, रात्रभर हा ठेका न ढळता द्यायचा. त्यामुळे त्याचा उजवा हात लोखंडासारखा तयार झाला. पिक नावाची लहान चकती तारेवरून जोराने खाली आणायची आणि पुढच्या तारेवर टेकवायची, ही त्याच्या जमातीची पद्धत. १९२८ साली व्हेसादबरोबर त्याच्या वादनाच्या पहिल्या तबकड्या निघाल्या. त्यांच्यावर त्याचे नावही धड छापलेले नव्हते.

कॉर्ड म्हणजे काय?

पुढची हकीकत कळण्यासाठी कॉर्ड म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. घरात पेटी असेल तर हे सारे दहा मिनिटांत करून बघता येईल.

आपल्या संगीतात सूर एकामागून एक चालतात, दिंडीतल्या वारकऱ्यांसारखे. मागे तंबोऱ्याचा किंवा तुणतुण्याचा षड्ज अखंड राहतो. पाश्चात्य संगीतात तीन-चार सूर खांद्याला खांदा लावून एकदम उभे राहतात. त्यांची जी पेंढी बांधली जाते तोच कॉर्ड.

पेटीवर आपला सा धरा. सा, ग आणि प या तीन पट्ट्या एकदम दाबा. भरलेला, समाधानी आवाज येतो. आता ग च्या जागी कोमल ग घ्या. तोच आवाज उदास झाला. पुन्हा शुद्ध ग घ्या आणि त्या तिघांत वरचा कोमल नि मिळवा. आता कान अस्वस्थ होतो. दार अर्धवट उघडे राहिल्यासारखे वाटते. लगेच म, ध आणि वरचा सा हे तीन सूर एकदम दाबा. दार लागले!

युरोप-अमेरिकेच्या लोकसंगीतातली पुष्कळशी गाणी सा, म आणि प यांच्यावर उभारलेल्या तीन कॉर्डांत बसतात. गिटारवर हे कॉर्ड धरताना शक्य तितक्या तारा मोकळ्या ठेवतात, म्हणजे सहाच्या सहा तारा घुमतात. आवाज मोठा येतो, बोटांना त्रास कमी. नाचघरात हेच हवे असते. अठराव्या वर्षी जँगो या विद्येत पुरता पारंगत होता. जॅक हिल्टन या इंग्लंडच्या प्रसिद्ध वाद्यवृंदचालकाने त्याला आपल्याकडे बोलावलेही होते. आणि तेव्हाच घात झाला.

एका मेणबत्तीने केलेला घात

जँगोची तरुण बायको सेल्युलॉइडची कृत्रिम फुले करून विकत असे. १९२८ च्या शरद ऋतूत एके रात्री तो वाजवून गाडीत परतला. गाडी या फुलांनी भरलेली होती. मेणबत्तीची ज्योत फुलांना लागली. सेल्युलॉइड वाळल्या कडब्यासारखे पेटते. क्षणात गाडी धडाडून पेटली. दोघेही जिवानिशी वाचली, पण जँगोचे अर्धे अंग भाजले. उजवा पाय कापावा लागेल असे डॉक्टरांनी सांगितले. त्याला ते मान्य नव्हते. पाय राहिला. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी मात्र शिरा आखडून तळव्याकडे वाकली ती कायमची.

गिटार वाजवणाऱ्याचा डावा हात म्हणजे सर्वस्व. तारा दाबायचे काम त्याच हाताचे, आणि चार बोटे असतानाही ते कमी पडतात. आपल्याकडे कडबाकुट्टीत नाहीतर मळणीयंत्रात बोटे गमावलेली माणसे आपण पाहतो. तेव्हा त्या घरावर काय ओढवले असेल ते वेगळे सांगायला नको. आता हा पुन्हा वाजवणार नाही, असेच सर्वांनी धरून चालले.

धाकटा भाऊ जोसेफ मात्र त्याच्या अंथरुणाशी एक गिटार घेऊन आला. सुमारे दीड वर्ष जँगो बरा होत होता आणि शिकत होता. तर्जनी आणि मधले बोट ही दोनच बोटे धड. गाण्याची चाल तो या दोन बोटांवरच काढू लागला. आडव्या तारांवरून बोटे फिरवण्याऐवजी तो गिटारीच्या मानेवरून हात उभा वर-खाली पळवू लागला. कॉर्ड धरताना अंगठा मानेवरून वळवून जाड तार दाबायची आणि वाकलेली दोन बोटे सर्वांत बारीक दोन तारांवर नुसती टेकवायची, अशी त्याने सोय काढली. जुन्या पद्धतीने कॉर्ड धरणे आता शक्यच नव्हते. प्रत्येक कॉर्डाला त्याला विचारावे लागले की, यातले कोणते सूर सोडून चालेल?

तूलाँमधल्या तबकड्या

१९३१ च्या सुमारास दोघे भाऊ फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील तूलाँ या बंदरात वाजवून पोट भरत होते. तिथे एमिल साविट्री नावाच्या चित्रकाराने त्यांना घरी नेऊन अमेरिकेहून आलेल्या तबकड्या ऐकवल्या. लुई आर्मस्ट्राँगची तुतारी, ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद, जो व्हेनुटीचे व्हायोलिन आणि त्याच्या साथीला एडी लँगची गिटार. जँगो ते ऐकून भारावून गेला, असे त्याच्या ओळखीच्यांनी सांगून ठेवले आहे.

जॅझ हे संगीत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी घडवले. गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या या वंशजांनी आपली कामाची गाणी, देवळातली गाणी आणि गावोगावच्या पितळी वाद्यांचे बँड यांतून न्यू ऑर्लीन्स शहरात ते वाढवले. त्यात दिलेली चाल एकदा वाजवायची आणि मग त्याच कॉर्डांवर आपल्या मनाने नवी चाल तिथल्या तिथे रचत जायची. आपल्याकडे गवई बंदिशीवर आलाप-ताना घेतो, त्याच्या हे जवळचे. फरक एवढाच की, आपल्या गवयाला रागाची वाट असते, तर जॅझवाल्याच्या पायाखाली दर क्षणी बदलणारे कॉर्ड असतात.

सोडायचे काय, ठेवायचे काय

जॅझचा कॉर्ड लोककॉर्डाहून वेगळा का लागतो? सा-ग-प या तिघांत जॅझवाले चौथा सूर घालतात. ध घातला की गोडवा येतो. शुद्ध नि घातला की आवाज मऊ, स्वप्नाळू होतो. कोमल नि घातला की मघाशी ऐकलेली ओढ लागते. सा, कोमल ग, प आणि शुद्ध ध ही जुळणी तर जँगोच्या विशेष आवडीची. सूर वाढले म्हणजे बोटेही जास्त लागणार, असे वाटते. इथेच नवशिका लोकवादक फसतो.

खरी गोष्ट उलट आहे. जॅझमध्ये साथीला बहुधा मोठे बास व्हायोलिन असते. सा ते देते. प नसला तरी कानाला फारशी उणीव भासत नाही. कॉर्डाचा चेहरा ठरतो तो ग आणि नि या दोन सुरांनी. ते दोन दिले की कॉर्ड उभा राहतो. अमेरिकेत काउंट बेसीच्या वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीन हा गिटारवाला १९३७ पासून १९८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत साथ करीत होता. त्याच्या सहा तारांच्या गिटारीतून पुष्कळदा दोन-तीनच सूर निघत, कधी कधी तर एकच. तरी त्याच्यावाचून त्या वृंदाचा तोल राहत नसे.

याचा पडताळा घ्या. पेटीवर ग आणि कोमल नि हे दोनच सूर दाबा. शेजारी कोणाला खालचा सा धरायला सांगा. आता दोन्ही बोटे एकेक पट्टी खाली सरकवा, म्हणजे ग चा कोमल ग होईल आणि कोमल नि चा ध. त्याच वेळी शेजाऱ्याने सा सोडून म धरावा. पुन्हा दोन्ही बोटे एकेक पट्टी खाली, म्हणजे रे आणि कोमल ध, आणि शेजाऱ्याने कोमल नि धरावा. तीन वेगळे कॉर्ड झाले, आणि तुम्ही दोनच बोटे दोन पट्ट्या खाली सरकवलीत! गिटारवर करायचे असेल तर सर्वांत जाड तारेपासून मोजून तिसरी तार दुसऱ्या पडद्यावर आणि चौथी तार तिसऱ्या पडद्यावर दाबा. मग दोन्ही बोटे एकेक पडदा मागे आणा. पुढच्या वेळी तिसरी तार मोकळी राहील आणि चौथी पहिल्या पडद्यावर येईल.

आणखी एक गंमत पाहा. सा, कोमल ग, तीव्र म आणि शुद्ध ध हे चार सूर एकमेकांपासून सारख्याच अंतरावर आहेत. गिटारवर यांचा कॉर्ड एकदा धरला आणि हात तीन पडदे वर नेला, तर तेच चार सूर नुसती जागा बदलून पुन्हा मिळतात. बोटांची ठेवण बदलावी लागत नाही. हात तेवढा सरकवायचा. जँगोच्या ध्वनिमुद्रणांत असे सरकते कॉर्ड जागोजाग ऐकू येतात.

मोकळ्या तारांचे लोककॉर्ड त्याच्या वाकलेल्या बोटांना जमणारे नव्हते. सरकते, मोजक्या सुरांचे कॉर्ड जमणारे होते, आणि जॅझला हवे होते तेच. त्याच्या अडचणीने त्याला जे सोडायला लावले, ते चांगली चार बोटे असलेल्यालाही जॅझ शिकताना सोडावेच लागते.

ढोलाशिवाय ठेका

१९३४ साली पॅरिसच्या क्लॅरिज हॉटेलात चहाच्या वेळचा नाच असे. तिथल्या वाद्यवृंदात जँगो होता आणि स्तेफान ग्रापेली नावाचा व्हायोलिनवाला होता. एकदा मधल्या सुट्टीत ग्रापेली नवी तार जुळवत पडद्यामागे काही वाजवत बसला, जँगोने त्याला साथ धरली, आणि दोघांनाही ते इतके आवडले की रोजच असे होऊ लागले, अशी हकीकत सांगितली जाते. जोसेफ आणि रोजे शापू हे गिटारवाले त्यांना येऊन मिळाले आणि लुई व्होला बास वाजवू लागला. ग्रापेली वाजवतो तेव्हा त्याच्यामागे दोन गिटारी असतात, माझ्या वेळी मात्र एकच, अशी जँगोची तक्रार होती म्हणे. म्हणून संचात तीन गिटारी झाल्या. पाच जणांचा हा संच ‘हॉट क्लब ऑफ फ्रान्स’चा पंचक म्हणून गाजला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांच्या पहिल्या तबकड्या ध्वनिमुद्रित झाल्या.

या संचात ढोल नव्हता, पियानो नव्हता, पितळी वाद्य नव्हते. नुसत्या तारा. ढोलाचे काम गिटारींनी केले. त्या ठेक्याला ‘ला पोंप’ म्हणजे पंप म्हणतात, आणि नाव अगदी योग्य आहे. चार ठोक्यांपैकी दुसरा आणि चौथा तुटक व ठसठशीत द्यायचा. त्यासाठी उजवा हात तारा छेडतो त्याच क्षणी डावा हात दाब ढिला करतो. बोटे तारेवरच, पण आवाज बंद. मोकळ्या तारांच्या कॉर्डात हे होत नाही, कारण मोकळी तार घुमतच राहते. बंद कॉर्डाचे हे दुसरे मर्म.

आणि हा ठेका आला कुठून? नाचघरात रात्रभर तीन ठोके मोजून तयार झालेल्या हातांतूनच. तीनाचे चार झाले. पिकाचा जोर, न ढळणारी लय, कानाने चाल उचलायची सवय, हे सारे म्यूझेतमधले भांडवल जँगोने जॅझमध्ये जसेच्या तसे आणले. बदलला तो फक्त डाव्या हाताचा आराखडा.

आपल्याही कानांवरून गेलेले सूर

हे सारे परक्या मुलखातले वाटेल, पण जॅझ आपल्या दारावरूनही गेला आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि युरोपीय स्वरलिपी शिकवीत. ती मुले मुंबईला येऊन ताजमहाल हॉटेलसारख्या ठिकाणी जॅझ वाजवू लागली, आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जाऊ लागली. अंतोनियो झेवियर व्हाझ ऊर्फ चिक चॉकलेट या तुतारीवाल्याला तर भारताचा लुई आर्मस्ट्राँगच म्हणत. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यात जन्मलेले आपले सी. रामचंद्र यांनी त्याला हाताशी धरले. भगवानदादांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटातली गाणी आपल्या आजी-आजोबांना पाठ असतात. त्यांच्यामागे याच मंडळींचा हात आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसूझा, यांनी आपल्या चालींखाली कॉर्ड मांडले. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधले अँथनी गोन्साल्विस हे नाव प्यारेलाल यांनी आपल्या या गुरूच्या आठवणीनेच घातले होते.

जँगो कानाने शिकला, गोव्याचे वादक कागदावरून. वाटा दोन, मुक्काम एक. आपली देशी चाल मरू न देता तिच्याखाली परके कॉर्ड बसतात, हे या लोकांनी आपल्याला दाखवून दिले.

जाणत्याने शिकायला कसे बसावे

घरातले कोणी गिटार किंवा पेटी वाजवत असेल आणि त्याला या वाटेने जायचे असेल, तर जँगोच्या उदाहरणावरून चार गोष्टी सांगता येतील.

पहिली, सहाही तारा छेडायचा मोह आवरावा. एका कॉर्डातले तीन, पुढे दोनच सूर निवडून वाजवावेत. हे जाणत्याला सर्वांत जड जाते, कारण भरगच्च आवाज म्हणजे चांगले वादन असे त्याच्या मनात बसलेले असते.

दुसरी, शेकडो कॉर्डांची पुस्तके पाठ करीत बसू नये. तीन-चार सरकत्या ठेवणी पक्क्या कराव्यात आणि त्याच मानेवर वर-खाली न्याव्यात. एका ठेवणीतून बारा पट्ट्यांचे बारा कॉर्ड निघतात.

तिसरी, बोटांच्या आधी गळ्याने शिकावे. प्रत्येक कॉर्डातला ग आणि नि गाऊन पाहावा. आपल्याकडे सरगम गाण्याची सवय असल्यामुळे हे काम आपल्या वादकाला परदेशी लोकवादकापेक्षा सोपे जाते.

चौथी, लय सोडू नये. मानूश वस्त्यांत मुलाच्या हाती गिटार दिली की आधी त्याला ठेकाच धरायला लावतात. मोठ्यांच्या मागे बसून पंप हाकायचा. चाल वाजवायची पाळी पुष्कळ उशिरा येते. चुकीचा सूर एकवेळ खपतो, चुकलेली लय सर्वांना पाडते.

आणि घरच्यांसाठीही एक गोष्ट. शिकणाऱ्याला काही दिवस वाईट वाजवू द्यावे. हात जुन्या वळणावरून नव्यावर येताना मधे अशी वेळ येतेच. तेव्हा कोणी हसले की माणूस जुन्याकडे परत पळतो. जोसेफने जळालेल्या भावाच्या हाती गिटार दिली आणि पुढे वर्षानुवर्षे त्याच्यामागे बसून ठेका धरला. त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही, पण त्याच्यावाचून ही गोष्ट घडली नसती.

पुन्हा एकदा पहिली पाटी

१९३९ साली युद्ध पेटले. ग्रापेली लंडनला राहिला, जँगो पॅरिसला परतला. हिटलरच्या राजवटीने काही लाख रोमा माणसे ठार केली. १९४३ मध्ये जँगोने स्वित्झर्लंडला निसटण्याचा प्रयत्न केला, तो फसला. तरी तो वाचला. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये १९४० साली त्याने ‘नुआज’ ही रचना केली. नुआज म्हणजे ढग. दाटून आलेल्या त्या दिवसांत ती लोकांना आपलीशी वाटली.

१९४६ मध्ये ड्यूक एलिंग्टनबरोबर तो अमेरिकेचा दौरा करून आला. तोपर्यंत तिकडे जॅझ बदलला होता. बीबॉप नावाचा नवा, वेगवान प्रकार आला होता आणि त्याचे कॉर्ड आणखी गुंतागुंतीचे होते. जँगोची कीर्ती तेव्हा शिखरावर होती. जुन्याच चालींवर उरलेले आयुष्य त्याला सुखाने काढता आले असते. पण शेवटच्या दोन-तीन वर्षांत तो विजेवरची गिटार घेऊन पॅरिसमध्ये पंचविशीच्या पोरांबरोबर ते नवे संगीत वाजवू लागला. नाचघर, आगीनंतरचे अंथरुण आणि आता हे, असा तो तिसऱ्यांदा शिकायला बसला. एप्रिल १९५३ मधली त्याची अखेरची ध्वनिमुद्रणे ऐकली तर तो त्यातही रुळला होता हे कळते. १६ मे १९५३ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला. वय अवघे त्रेचाळीस.

सेन नदीकाठच्या साम्वा या ज्या खेड्यात तो अखेरीस राहिला, तिथे त्याच्या नावाने संगीताचा मोठा मेळा भरू लागला आणि मानूश कुटुंबे गाड्या घेऊन तिथे येऊ लागली. सात-आठ वर्षांची पोरेही गिटार घेऊन बसतात. त्यांची चारही बोटे धड असतात, तरी पुष्कळजण जँगोच्या दोन बोटांच्या वाटेनेच चाल वाजवायला शिकतात, कारण तिच्यातून निघणारा सूर दुसऱ्या वाटेने निघत नाही असे त्यांचे म्हणणे असते.

त्याच्या तबकड्या आता मोबाइलवरही ऐकायला मिळतात. एखाद्या संध्याकाळी कामे आटोपल्यावर ‘मायनर स्विंग’ ही १९३७ ची त्याची रचना लावून पाहा. आधी चाल ऐका. मग दुसऱ्यांदा लावून चाल सोडून द्या आणि मागे चाललेला जोसेफचा पंप ऐका. मग पेटी काढा आणि दोनच बोटे पट्ट्यांवर ठेवा.